डोळे झाकून घ्या : शेजारच्या शिफारशीचे समीक्षात्मक वाचन

१. प्रस्तावना

समीक्षा म्हटले की कविता, कादंबरी, नाटक किंवा चित्रपट आठवतो. या पाठात आपण एका अगदी साध्या मजकुराची समीक्षा करणार आहोत. तो तुमच्यापैकी बहुतेकांनी या आठवड्यात वाचला असेल, कदाचित लिहिलाही असेल. सोसायटीच्या, गल्लीच्या किंवा वसतिगृहाच्या मोबाईलवरच्या ग्रुपवर कोणीतरी विचारते, ‘मिक्सर कोणता घेऊ?’ आणि तासाभरात दहा जण उत्तर देतात. या उत्तरांना आपण ‘शिफारस’ म्हणू.

शिफारस हीसुद्धा एक समीक्षाच असते. तिच्यात वस्तूचे वर्णन असते, मूल्यमापन असते आणि शेवटी निर्णय असतो. फरक परिणामात आहे. पुस्तकाची समीक्षा चुकली तर वाचकाचा एखादा दिवस वाया जातो. पाण्याच्या प्युरिफायरची, कुकरची किंवा हेल्मेटची शिफारस चुकली तर पैसे जातात आणि कधी जिवावरही बेतते. तरीही अशा मजकुराचे बारकाईने वाचन आपण क्वचितच करतो.

या पाठाचे प्रतिपादन असे : शिफारशीतला निर्णय हा तिचा सर्वांत कमी उपयोगाचा भाग असतो. तो निर्णय कोणत्या परिस्थितीत, किती वापरानंतर आणि कोणत्या गुणाबद्दल दिला आहे हे कळले, तरच शिफारस उपयोगी पडते. आपल्याकडे बहुधा उलटे घडते. निर्णय टिकतो आणि परिस्थिती गळून पडते.

२. नमुना संहिता

पुढील संवाद कोणा एका ठिकाणचा नाही. रोज दिसणाऱ्या मजकुराच्या धर्तीवर तो अभ्यासासाठी तयार केला आहे. ठिकाण मुंबईतली एक सोसायटी आहे असे समजा. कंपनीचे नाव मुद्दाम गाळले आहे.

प्रश्न : नमस्कार मंडळी. नवीन वॉटर प्युरिफायर घ्यायचा आहे. कोणता चांगला? कृपया सुचवा.

उत्तर १ : आमच्याकडे अमुक कंपनीचा आहे, पाच वर्षं झाली. चांगला निघाला. सर्व्हिसचा माणूस दुसऱ्या दिवशी येतो.

उत्तर २ : आरओच घ्या काकू. साधा घेऊ नका. घरात नातू लहान आहे ना.

उत्तर ३ : माझ्या नणंदेकडे बंगळुरूला हाच आहे. एकदम मस्त आहे म्हणे.

उत्तर ४ : डोळे झाकून घ्या. दुकानदार ओळखीचा आहे, माझं नाव सांगा.

उत्तर ५ : आम्हीपण तोच घेतलाय.

शेवटी प्रश्न विचारणाऱ्या काकू : सगळ्यांचे आभार! आजच बुक केला.

हा संवाद आता पुन्हा एकदा वाचा आणि त्यात काय नाही ते शोधा. पाणी कुठून येते हे कोणी विचारले नाही : महापालिकेचे, विहिरीचे, बोअरचे की टँकरचे? घरात माणसे किती, वीज किती वेळ असते, खर्चाची तयारी किती, हेही कोणी विचारले नाही. प्युरिफायरच्या निवडीत पहिला प्रश्न पाण्याचा असतो. पाच उत्तरांत पाण्याबद्दल एक शब्दही नाही.

३. निघाला, आहे, म्हणे

आता भाषेकडे वळू. मराठीत वस्तूबद्दल मत देण्याच्या निरनिराळ्या रीती आहेत आणि त्यांचे अर्थ एक नाहीत.

‘चांगला निघाला’ या प्रयोगात एक प्रामाणिक कबुली आहे. आंबा गोड निघतो, कलिंगड पांढरे निघते, तसा मिक्सर चांगला निघतो. बोलणारा आपल्या वाट्याला आलेल्या एका नगाबद्दल बोलतो आणि त्यात नशिबाचा भाग होता हेही सुचवतो. हिंदीतल्या ‘अच्छा निकला’ या प्रयोगातही हीच छटा आहे.

‘चांगला आहे’ म्हटले की एका नगावरून आपण सगळ्या नगांवर जातो. हे विधान आता त्या मॉडेलबद्दलचे झाले. बोलणाऱ्याचा अनुभव मात्र तेवढाच राहिला.

‘चांगला आहे म्हणे’ यातला ‘म्हणे’ हा फार मोलाचा शब्द आहे. ही माहिती माझी नाही, ऐकीव आहे, असे तो सांगतो. भारतातल्या अनेक भाषांत अशी सोय आहे. कन्नडमध्ये ‘अंते’, तेलुगूत ‘अट’ आणि तमिळमध्ये ‘आम्’ हेच काम करतात. तुमची मातृभाषा वेगळी असेल तर तिच्यात ऐकीव माहितीची खूण कोणती, ते शोधून पाहा.

यानंतर येतो ‘च’. ‘आरओच घ्या’ म्हटल्याबरोबर बाकीचे सारे पर्याय एका अक्षरात रद्द होतात. कारण सांगण्याची गरजही उरत नाही.

‘डोळे झाकून घ्या’ हा तर या प्रकारातला शेवटचा टप्पा. चौकशी करू नका, असे इथे थेट सांगितले आहे. हा वाक्प्रचार प्रेमाने वापरला जातो यात शंका नाही. ‘तुमची काळजी मी घेतली आहे’ असे त्यातून म्हणायचे असते. पण मजकूर म्हणून पाहिले तर ग्राहकाने डोळे उघडे ठेवावेत या साध्या नियमाच्या तो बरोबर विरुद्ध आहे.

शिफारस एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर जाताना काय होते ते आता लक्षात येईल. उत्तर १ मधला ‘निघाला’ पुढच्या तोंडी ‘आहे’ होतो. उत्तर ३ मधला ‘म्हणे’ वाटेत गळतो. उरतो तो ‘हाच घ्या’. कोणीही खोटे बोललेले नसते. प्रत्येकाने एकेक छोटी खूण काढून टाकलेली असते आणि त्यामुळे एका घरातल्या एका यंत्राची हकीकत सगळ्यांसाठीचा नियम बनते.

४. आप्त कोण?

शिफारशीवर आपण विश्वास का ठेवतो, याचे उत्तर भारतीय विचारपरंपरेत फार पूर्वी शोधले गेले आहे. न्यायदर्शनात प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली आहेत. त्यातले शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचे सांगणे. मग आप्त कोण? न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने याचा खुलासा केला आहे. ज्याला त्या विषयाचे साक्षात ज्ञान आहे आणि जसे जाणले तसेच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू होते, असेही तो म्हणतो. म्हणजे आप्तपण जातीवर, नात्यावर किंवा मोठेपणावर ठरत नाही. त्या विषयाच्या ज्ञानावर आणि सरळपणावर ठरते.

आजच्या मराठीत मात्र ‘आप्त’ म्हणजे नातेवाईक. ‘आप्तेष्टांसह उपस्थित राहावे’ हे लग्नपत्रिकेतले वाक्य तुम्ही वाचले असेलच. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ आपल्या संहितेत एकमेकांत मिसळतात. उत्तर ३ मधली नणंद मराठीतल्या अर्थाने आप्त आहे. मुंबईतल्या नळाच्या पाण्याबद्दल ती न्यायदर्शनातल्या अर्थाने आप्त नाही. ती प्रामाणिक आहे, पण तिचे ज्ञान बंगळुरूतल्या तिच्या घरातल्या पाण्याचे आहे.

हा भेद तपशिलात पाहू. मुंबईचे पाणी मुख्यतः भातसा, वैतरणा, तानसा अशा तलावांमधून येते. पावसाचे साठवलेले पाणी असल्याने त्यात विरघळलेले क्षार कमी असतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने भारतीय मानक ब्यूरोच्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले, तेव्हा मुंबईतून घेतलेले १० पैकी १० नमुने मानकांत बसले होते. बंगळुरूत मात्र कावेरीच्या पाण्याबरोबरच बोअर आणि टँकरवर अवलंबून असलेल्या इमारती पुष्कळ आहेत आणि बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असू शकतात. तिथे आरओ यंत्र बसवण्यास सबळ कारण असू शकते. तेच यंत्र मुंबईत बसवताना कारण नव्याने शोधावे लागते. शिफारस एका शहरातून दुसऱ्या शहरात आली आणि कारण मागेच राहिले.

५. गुणांचे तीन प्रकार

शिफारशीचे वाचन करताना अर्थशास्त्रातले एक वर्गीकरण आपल्याला मोठी मदत करते. फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये वस्तूंच्या गुणांत दोन प्रकार केले. खरेदीपूर्वी पाहून कळणारे गुण हा पहिला आणि वापरल्यावरच कळणारे गुण हा दुसरा. १९७३ मध्ये मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी तिसरा प्रकार जोडला : वापरूनही सामान्य ग्राहकाला न कळणारे गुण.

मिक्सरचा रंग, भांड्यांची संख्या, किंमत हे पाहून कळते. यासाठी शेजाऱ्याची गरज नाही. त्याचा आवाज किती, थोड्याशा खोबऱ्याची चटणी नीट वाटली जाते का, भांड्याच्या बुडातून पाणी गळते का, बिघडल्यावर सुटे भाग मिळतात का, हे वापरल्यावरच कळते. इथे शेजारी हाच उत्तम साक्षीदार. आत वापरलेल्या तारेचा दर्जा, विजेच्या धक्क्यापासूनचे संरक्षण, प्लॅस्टिक अन्नासाठी योग्य आहे की नाही, हे तिसऱ्या प्रकारात येते. यांबद्दल दहा वर्षे वापरणारा माणूसही काही सांगू शकत नाही.

शिफारशीतला मुख्य दोष इथे सापडतो. दुसऱ्या प्रकारच्या गुणाचा अनुभव सांगून माणूस तिसऱ्या प्रकारच्या गुणाची हमी देतो. तीन उदाहरणे पाहू.

(अ) पाणी. ‘पाच वर्षं झाली, घरात कोणी आजारी पडलं नाही’ हे विधान प्युरिफायरच्या बाजूने नेहमी केले जाते. पण पाणी मुळातच चांगले असेल तरी कोणी आजारी पडणार नाही. पाण्याची चव आणि भांडे भरायला लागणारा वेळ हे अनुभवाचे विषय आहेत. जंतू गेले की नाही हे जिभेला कळत नाही. पेयजलाच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात विरघळलेल्या घन पदार्थांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत सूट आहे. हा आकडा क्षारांचा आहे, जंतूंचा नाही. पेनसारखे छोटे मीटर बुडवून तो मिळतो. अतिनील किरणांचे यंत्र जंतू मारते, पण क्षार तसेच ठेवते. पाणी उकळल्यानेही तेच होते. आरओ यंत्र क्षार काढते, पण त्यासाठी बरेच पाणी वाया घालवते. म्हणूनच राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मे २०१९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाला सांगितले की, जिथे हे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहे तिथे आरओच्या वापराला मनाई करावी. या आदेशावर पुढे न्यायालयीन वाद चालू राहिला. तरी आधी पाणी तपासावे आणि मग यंत्र ठरवावे, हे त्यामागचे तत्त्व तुम्हाला घरीही वापरता येईल. ‘आरओच घ्या’ या दोन शब्दांत हे तत्त्व पूर्णपणे हरवले आहे.

इथे ‘मी स्वतः पाहिलं’ या साक्षीचाही विचार करा. काही विक्रेते नळाच्या पाण्यात दोन धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडतात. पाणी तपकिरी होते आणि घरातली माणसे घाबरतात. तो रंग बहुतेक वेळा कांडीतल्या लोखंडाचा असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, लोखंड झिजते आणि गाळ दिसतो. आरओच्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच असल्याने तसे होत नाही. पाहणाऱ्याने खरेच पाहिलेले असते, पण काय पाहिले ते त्याला माहीत नसते. वात्स्यायनाच्या लक्षणातली ज्ञानाची अट इथे पुरी होत नाही.

(आ) कुकर. ‘बारा वर्षं वापरतोय, काही झालं नाही’ हे वाक्य ऐकायला भक्कम वाटते. पण सुरक्षिततेची परीक्षा रोजच्या वापरात होत नाही. शिटीची वाट अन्नाने बंद झाली आणि आतला दाब वाढला, तर सुरक्षा झडप वेळेवर वितळते का, हा खरा प्रश्न असतो. ज्या घरात ती वेळ कधी आलीच नाही, त्या घराला या प्रश्नाचे उत्तर माहीत नसते. यासाठी आयएस २३४७ हे मानक आहे. केंद्र सरकारच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती प्रेशर कुकरवर मानक चिन्ह, म्हणजे आपल्या बोलण्यातला आयएसआय मार्क, सक्तीचे झाले आहे. या चिन्हासोबत परवान्याचा क्रमांक असतो आणि तो भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाईल ॲपवर तपासता येतो. कुकरचे हँडल हातात नीट बसते का, गॅस्केट किती महिन्यांनी बदलावी लागते, हे मात्र मानक सांगत नाही. ते शेजारीण सांगते.

(इ) तूप. ‘घरचं आहे, शुद्ध आहे, रवाळ आहे’ या वाक्यात तीन विशेषणे एका रांगेत उभी आहेत. रवाळपणा डोळ्यांना दिसतो आणि वास नाकाला कळतो. ‘शुद्ध’ हा शब्द त्यांच्या सोबतीने आत येतो. भेसळ नुसत्या वासाने ओळखणे अवघड आहे, हे आपल्या देशाने कायद्यातच मान्य केले होते. वनस्पती तुपात तिळाच्या तेलाचा ठरावीक अंश घालण्याची सक्ती त्यासाठीच केली गेली. खऱ्या तुपात वनस्पती मिसळले तर तिळाच्या तेलामुळे बॉडुइन चाचणीत ते पकडले जावे, हा हेतू होता. प्रयोगशाळेला जे शोधण्यासाठी अशी युक्ती करावी लागली, त्याची हमी आपण एका विशेषणात देऊन टाकतो.

६. कोणाचा अनुभव बोलतो?

आता साक्षीदाराकडे पाहू. एलिहू कॅट्झ आणि पॉल लझार्सफेल्ड यांचा ‘पर्सनल इन्फ्लुएन्स’ हा ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या डेकेटर शहरात १९४५ मध्ये सुमारे ८०० स्त्रियांच्या मुलाखती घेऊन केलेला अभ्यास त्यात आहे. रोजच्या खरेदीत जाहिरातीपेक्षा ओळखीच्या माणसाच्या सांगण्याचा प्रभाव अधिक पडतो, असे त्यात दिसून आले. हा प्रभाव बहुधा बरोबरीच्या माणसांत फिरतो, असेही आढळले. घरगुती खरेदीत ज्यांचा सल्ला घेतला जाई त्यांत मोठे कुटुंब सांभाळणाऱ्या स्त्रिया पुढे होत्या. याचे कारण उघड आहे. ज्यांचा वापर जास्त, त्यांचा अनुभव जास्त.

आपल्या संहितेला हीच कसोटी लावू. भारतातल्या अनेक शहरी घरांत मिक्सरची भांडी, कुकर, फिल्टर रोज घासणारी आणि धुणारी व्यक्ती घरकाम करणारी मावशी किंवा ताई असते. ती दिवसाला चार-पाच घरांत जाते. कुठला कुकर लवकर काळा पडतो, कुठल्या भांड्याच्या पात्याखाली अन्न अडकते, कुठल्या गॅसच्या शेगडीची बटणे निखळतात, हे तिला पाच घरांच्या तुलनेने माहीत असते. तुलना हा समीक्षेचा पाया आहे आणि इमारतीतली सर्वांत तुलनाशील समीक्षक तीच असते. ग्रुपवर ती नसते. उत्तर बऱ्याचदा देतो तो यंत्राचे बिल भरणारा. त्याचा अनुभव किमतीचा आणि सर्व्हिसच्या माणसाचा असतो. तुम्हाला पुढच्या वेळी कुकर घ्यायचा असेल तर आधी तिला विचारा.

दुसरी उणीव म्हणजे नकार. आपल्या पाच उत्तरांत एकही ‘नको’ नाही. यंत्र फसले असेल तर तसे चारचौघांत सांगणे अवघड असते. आपलाच निर्णय चुकला हे कबूल करावे लागते. ज्याने सुचवले तो दुखावतो. कधी विकणारा त्याच इमारतीत राहतो. एखादी काकू घरी मसाले किंवा तूप करून विकत असेल तर तिच्या मालाबद्दल वाईट लिहिण्यापेक्षा लोक गप्प बसतात आणि पुढच्या वेळी घेत नाहीत. म्हणून शिफारशींची संख्या मोजून काही सिद्ध होत नाही. गप्प बसलेल्यांचे मत त्यात धरलेले नसते. उत्तर ५ पाहा : ‘आम्हीपण तोच घेतलाय.’ कधी घेतला? मागच्या आठवड्यात, आणि बहुधा याच ग्रुपवरच्या आधीच्या चर्चेवरून. हा वेगळा अनुभव धरता येत नाही, पहिल्याच अनुभवाचा तो प्रतिध्वनी आहे.

तिसरी गोष्ट हितसंबंधांची. ‘माझं नाव सांगा’ या तीन शब्दांचे तीन अर्थ होऊ शकतात : तुम्हाला सूट मिळेल, दुकानदारापाशी माझा मान वाढेल, किंवा मला काही मिळेल. वाचणाऱ्याला यातला कोणता अर्थ खरा हे कळत नाही. जाहिरातीच्या बाबतीत कायद्याने याची दखल घेतली आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २१ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल त्यात शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याने आधी योग्य ती खातरजमा केली असेल तर त्याची सुटका होते. विक्रेत्याशी आर्थिक संबंध असेल तर तो उघड करावा, असे जून २०२२ मध्ये जारी झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांत सांगितले आहे. हे नियम जाहिरातींसाठी आहेत. जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याचे बोलणे त्यांच्या कक्षेत येत नाही आणि यावेही असे मी म्हणणार नाही. पण खातरजमा आणि संबंध उघड करणे या दोन अपेक्षा चित्रपटातल्या नटाकडून रास्त असतील, तर ज्याच्या शब्दावर आपण जास्त विसंबतो त्या शेजाऱ्याकडूनही त्या रास्तच आहेत.

‘साधा घेऊ नका, घरात नातू लहान आहे ना’ या उत्तराकडेही लक्ष द्या. यात काळजी आहे, तसाच दबावही आहे. महाग यंत्र घेतले नाही तर नातवावर प्रेम कमी, असा अर्थ त्यातून निघू शकतो. ज्या काकूंना दरमहा खर्चाची ओढाताण आहे त्यांनी यावर चारचौघांत काय उत्तर द्यावे? शिफारस अशा वेळी वस्तूबरोबर खर्चाची एक पातळीही ठरवून देते.

७. शिफारस आणि चाचणी-अहवाल

आतापर्यंतच्या विवेचनावरून शिफारस टाकाऊ आहे असा निष्कर्ष काढू नका. तिच्या शेजारी दुसरा एक लेखनप्रकार ठेवून पाहू : वस्तूंचा तुलनात्मक चाचणी-अहवाल. अहमदाबादची कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर ही १९७८ मध्ये सुरू झालेली संस्था स्वतःच्या प्रयोगशाळेत असे काम करते. चाचणी-अहवालात कसोट्या आधी सांगितलेल्या असतात, नमुने मोजलेले असतात आणि एकाच कसोटीवर अनेक कंपन्यांची तुलना असते. तिसऱ्या प्रकारच्या गुणांबद्दल बोलण्याचा अधिकार त्याला आहे.

पण सहा वर्षांनी त्या यंत्राचे काय झाले, तुमच्या गावात दुरुस्तीचा माणूस येतो का, सुटा भाग कितीला पडतो, हे अहवाल सांगू शकत नाही. उत्तर १ मधले ‘सर्व्हिसचा माणूस दुसऱ्या दिवशी येतो’ हे वाक्य आपल्या संपूर्ण संहितेतले सर्वांत मोलाचे वाक्य आहे. ते स्थानिक आहे, अनुभवातले आहे आणि पडताळता येण्यासारखे आहे. कोणत्याही प्रयोगशाळेत ते सापडणार नाही. गंमत अशी की चर्चेत त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

शेजाराच्या अनुभवाला शिस्त लावता येते, याचे उदाहरणही महाराष्ट्रात आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे संघ बांधून महिन्याचे सामान एकत्र खरेदी करण्याची पद्धत रुजवली. डाळ खराब आली तर ती एका घराची तक्रार राहत नाही. तोच माल सर्वांच्या घरी आलेला असतो, म्हणून तुलना होते आणि जाब विचारता येतो. इथेही शेजारीच एकमेकांना सांगतात. फरक एवढाच की ते काय घेतले, कोणाकडून घेतले आणि बिघडले तर काय करायचे, हे सर्वांना माहीत असते.

८. समारोप

आता उत्तर १ आपण पुन्हा लिहून पाहू.

‘आमच्याकडे अमुक कंपनीचा आहे, पाच वर्षं झाली. पाणी महापालिकेचं, इमारतीच्या टाकीतून येतं. घरात चार माणसं. दोनदा बिघडला, सर्व्हिसचा माणूस दुसऱ्या दिवशी आला. कँडल दरवर्षी बदलावी लागते, तो खर्च आधी विचारून घ्या. पाणी किती शुद्ध होतं ते मी तपासलेलं नाही. आपल्या इमारतीला आरओ लागतो का, ते टाकीचं पाणी तपासून ठरवू या. दुकानदार माझा मावसभाऊ आहे.’

या मजकुरात ‘मस्त’ नाही, ‘हाच’ नाही आणि ‘डोळे झाकून’ही नाही. तरी वाचणाऱ्या काकूंच्या हाती आता पूर्वीपेक्षा पुष्कळ काही आहे. आपली परिस्थिती याच्याशी जुळते का हे त्या पाहू शकतात. काय माहीत आहे आणि काय नाही हे त्यांना कळते. मावसभावाकडे जायचे की नाही हेही त्या ठरवू शकतात. लिहिणारा माणूस इथे मराठीतल्या आणि न्यायदर्शनातल्या दोन्ही अर्थांनी आप्त ठरतो.

तुमच्यापैकी अनेक जण घर सोडून दुसऱ्या शहरात शिकत आहात. पहिली गादी, पहिली इंडक्शन शेगडी, पहिले हेल्मेट तुम्ही बहुधा कोणाच्या तरी सांगण्यावरूनच घ्याल. सांगणाऱ्याला तीन प्रश्न विचारा : तुझी परिस्थिती काय होती? हे तुला वापरून कळले की कोणी सांगितले? यातले काय तुला वापरूनही कळले नसते? फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. आणि पुढच्या वेळी कोणी तुम्हाला विचारेल, तेव्हा याच तीन प्रश्नांची उत्तरे आपणहून द्या.

स्वाध्याय

१. तुमच्या ओळखीच्या पाच व्यक्तींना एकाच वस्तूबद्दल मत विचारा. उत्तरांतील ‘निघाला’, ‘आहे’, ‘म्हणे’ आणि ‘च’ (किंवा तुमच्या भाषेतील तत्सम रूपे) यांची नोंद करून त्यांतून माहितीचा स्रोत कसा कळतो ते लिहा.

२. हेल्मेट, खाद्यतेल आणि पंखा या वस्तूंचे गुण तीन प्रकारांत विभागा. प्रत्येक प्रकारासाठी योग्य साक्षीदार कोण, ते कारणासह सांगा.

३. ‘नातेवाईक’ आणि ‘यथार्थ सांगणारा जाणकार’ हे ‘आप्त’ शब्दाचे दोन अर्थ लक्षात घेऊन स्वतः दिलेल्या एका शिफारशीची समीक्षा करा आणि ती सुमारे शंभर शब्दांत पुन्हा लिहा.